बायेक शुगर

पहाटे साडेपाचला पोदेराचा भोंपू वाजायचा
आणि आई खिडकी लावून घ्यायची.
रागानं नाही. आदळायची तर मुळीच नाही.
दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करावा
तितक्याच सवयीनं.

बावीस वर्षं आमच्या घरात पाव आला नाही.
शिरोड्यात, जिथे कुणी गेलं तरी
दुसऱ्या दिवशी दारात उंडे येतात,
आम्ही नाचण्याची भाकरी खाऊन शाळेत गेलो
आणि मधल्या सुट्टीत सुलक्षाच्या डब्यातल्या काकणाचा
नुसता वास घेऊन परत आलो.

कारण एवढंच :
फोंड्याला मामलेदारापुढे रुझार पोदेर म्हणाला होता,
गडगा होता तिथंच आहे, साहेब.
मी बारा वर्षांचा असल्यापासून
रोज त्याला सायकल टेकवतो.

त्या वाक्यानं साडेतीन हात जमीन केण्यांकडे गेली,
तिच्यासोबत बरक्या फणसाचं झाड
आणि बाबांची झोप.
बाबा म्हणत, गडगा सरकवला त्यांनी.
एका पावसाळ्यात, रात्रीचा, चिरा चिरा करून.
मरेपर्यंत ते पावलं मोजत राहिले
तुळशीपासून गडग्यापर्यंत :
सतरा, कधी सोळा,
पाय सुजले होते तेव्हा एकोणीस.

गंमत म्हणजे केण्यांशी आमचं बोलणं
दोन वर्षांत सुरू झालं.
त्यांच्या मुलीच्या लग्नात आईनं अबोलीचे गजरे केले,
त्यांनी फणसाचे गरे पाठवले, आम्ही ते खाल्लेही.
रुझारला मात्र नाही.
केणी काय, त्यांना जमीन हवी होती.
ह्याला काय हवं होतं?

आणि तो थांबायचा.
रोज, आमच्याच दारात, दोनदा भोंपू.
आई म्हणायची, मुद्दाम वाजवतो.

आई गेली त्याच्या चौदाव्या दिवशी
मी खिडकी लावली नाही, बाहेर गेले.
वाक्य तयार होतं माझ्याकडे,
देवाच्या तांब्यासारखं
चिंच लावून इतकी वर्षं घासलेलं.

रुझार म्हातारा झालाय.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा राहिलाय.
टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला करत
त्यानं माझ्याकडे पाहिलं, नीट, चांगल्या डोळ्यानं,
आणि म्हणाला,
बाय गेली न्हय?
हांव म्हणटालों, बायेक शुगर.
म्हणून पाव बंद.

आईला शुगर नव्हती.
चवथीला पाच पाच नेवऱ्या खायची ती उभ्या उभ्या.
मी तोंड उघडलं.
बावीस वर्षं खिडकी लावणारी बाई
आणि बावीस वर्षं, बिचारीला पथ्य, असं म्हणत
तरीही भोंपू वाजवणारा हा.
की त्याला सगळं ठाऊक होतं,
आणि रस्त्यात कुठंतरी, चढावर सायकल ढकलताना,
त्यानं हे एक कारण रचून ठेवलं
आमच्यापैकी कुणीतरी बाहेर येईल त्या दिवसासाठी?
मला अजून कळलेलं नाही.
विचारलंही नाही.

चार उंडे, मी म्हणाले. आणि दोन काकणं.

त्यानं सायकल टेकवायला हात मागे नेला
आणि तसाच थांबला.
गडगा गेल्या श्रावणात पडलाय.
केणी वास्कोला राहतात, चिरे कुणीतरी नेले,
साडेतीन हातांवर आता नुसतं टायकिळा माजलंय.

जरा धर गो, तो म्हणाला,
आणि सुटे पैसे शोधायला खिसे चाचपू लागला,
आधी शर्टाचा, मग पँटचा, मग परत शर्टाचा.

मी सायकल धरली.
टोपली जड होती, आणि पोटाशी लागत होती ती बाजू
गरम.